एकभुक्त ते सोळा-आठ : उपवासाची आपल्या भागातली गोष्ट

‘डॉक्टर, सोळा तास उपाशी राहिलं तर वजन उतरतं का?’ हा प्रश्न हल्ली तपासणीच्या टेबलावर बसल्या बसल्या विचारला जातो. इंटरमिटंट फास्टिंग हे नाव आपल्याकडे मोबाइलवरून आलं. पद्धत मात्र घरचीच आहे. दिवसातून एकदाच जेवण्याला आपण ‘एकभुक्त’ म्हणतो, दिवसभर न खाता रात्री जेवण्याला ‘नक्त’. श्रावणी सोमवार संध्याकाळी सोडणारी आजी घड्याळ न लावता सोळा-अठरा तासांचा उपास करतच होती.

वैद्यकातही ही कल्पना जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 22 वा अध्याय लंघनावर आहे. शरीर हलकं करण्याचे दहा प्रकार त्यात सांगितले आहेत. उपवास हा त्यातला एक आणि व्यायाम दुसरा. लंघन कोणाला द्यावं आणि कोणाला देऊ नये, याचाही विचार तिथे आहे. आजच्या व्हिडिओंमध्ये नेमका हाच भाग गळतो.

मग एवढे उपास करूनही आपली पोटं का सुटली? उत्तर फराळाच्या ताटात आहे. साबुदाणा कसाव्याच्या कंदापासून बनतो. कसावा, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची ही चारही पिकं मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीज आल्यानंतर आपल्याकडे रुजलेली. तमिळनाडूत सेलमच्या आसपास साबुदाण्याचा धंदा वाढला तो 1940 च्या दशकापासून. म्हणजे जी खिचडी आपण परंपरा म्हणून खातो, तिच्यातला जवळपास प्रत्येक जिन्नस बाहेरून आलेला. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ, त्यावर तूप आणि दाण्याचा कूट. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण कोणा डॉक्टरने केलेली नाही.

पुण्याचा उपवासाशी आणखी एक संबंध आहे, आणि तो डॉक्टरांना बरंच शिकवणारा आहे. गांधीजींचे तीन मोठे उपवास इथे झाले : सप्टेंबर 1932 मध्ये येरवडा तुरुंगात, मे 1933 मध्ये पर्णकुटीत आणि 10 फेब्रुवारी ते 3 मार्च 1943 या काळात आगाखान पॅलेसमध्ये. तिसऱ्या उपवासाच्या वेळी ते 73 वर्षांचे होते. डॉ. गिल्डर, डॉ. सुशीला नायर आणि कलकत्त्याहून आलेले डॉ. बिधानचंद्र रॉय लक्ष ठेवून होते. दुसऱ्या आठवड्यात मळमळीमुळे पाणीही पोटात जाईना, मूत्रपिंडांवर ताण आला आणि आता ते वाचत नाहीत असं वाटू लागलं. पाण्यात थोडा मोसंबीचा रस घातल्यावर पाणी पोटात टिकू लागलं आणि प्रकृती सावरली. अन्नावाचून माणूस आठवडे काढतो, पाण्यावाचून नाही. आजही उपासात चक्कर येऊन माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना खाण्याइतकीच पाण्याची आणि मिठाची गरज असते.

तीन वर्षांनी गांधीजी आपल्या अगदी शेजारी आले. पुण्यात डॉ. दिनशा मेहतांचं निसर्गोपचार केंद्र होतं. तिथे गरिबांसाठी उपचार करायचे असा विचार होता, पण शहरातल्या दवाखान्यात खेड्यातला गरीब येणार कसा, हे गांधीजींच्या लक्षात आलं. म्हणून मार्च 1946 मध्ये ते उरुळी कांचनला आले. लोणीच्या पुढचंच रेल्वे स्टेशन! तिथे राहून त्यांनी स्वतः रुग्ण पाहिले. पुढे आश्रम सांभाळला मणिभाई देसाईंनी. माती, पाणी, सूर्यप्रकाश, मोजका आहार आणि गरजेप्रमाणे उपवास असे तिथले उपचार. निसर्गोपचाराचे सगळे दावे मला पटत नाहीत. पण तिथे उपवास रुग्णाकडे बघून आणि देखरेखीखाली दिला जातो, हे मला महत्त्वाचं वाटतं.

अलीकडच्या काळात घराघरात पोहोचली ती दोन वेळा जेवणाची पद्धत. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार ती भाषणांतून सांगत. 2004 मध्ये त्यांचं अपघाती निधन झालं. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी ती गावोगाव नेली : कडकडून भूक लागेल त्या दोन वेळा ओळखा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवा, मधे पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा चहा. जेवणानंतर वाढलेलं इन्सुलिन खाली यायला दोन-चार तास लागतात, त्यामुळे 55 मिनिटांच्या हिशेबाला मी फार चिकटून बसत नाही. पण चहासोबतची बिस्किटं, येता-जाता तोंडात टाकलेला फरसाण आणि संध्याकाळचा वडापाव या पद्धतीने बंद होतो, आणि माझ्या मते वजन उतरतं ते मुख्यतः त्यामुळेच.

विज्ञान काय म्हणतं? ऑटोफॅजी, म्हणजे पेशींनी आपल्यातला कचरा पचवणं, यावरच्या कामासाठी जपानच्या योशिनोरी ओसुमींना 2016 चं नोबेल मिळालं. ते काम यीस्टवर होतं. ‘सोळाव्या तासाला ऑटोफॅजी सुरू होते’ हे माणसात कोणी घड्याळ लावून सिद्ध केलेलं नाही. 2022 मध्ये चीनमधल्या ग्वांगझू शहरातला 139 लठ्ठ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांना कमी कॅलरी दिल्या, त्यातल्या निम्म्यांना सकाळी 8 ते दुपारी 4 एवढ्याच वेळात खायला सांगितलं. वर्षभराने वेळ पाळणाऱ्यांचं सरासरी 8 किलो वजन कमी झालं होतं, इतरांचं 6.3 किलो. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. थोडक्यात, वेळेचं बंधन हा कमी खाण्याचा एक सोपा मार्ग आहे. कोणाला जमतो, कोणाला नाही.

खरी काळजी मला मधुमेही रुग्णांची वाटते. आषाढात तुकोबांची पालखी लोणीवरून जाते. वारीत चालणाऱ्या अनेकांच्या पिशवीत ग्लिमेपिराइडची पाकिटं असतात, आणि एकादशीही पाळायची असते. चरकाच्या भाषेत ही दोन लंघनं एकाच दिवशी झाली, आणि वर साखर उतरवणारी गोळी. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलात तर साखर धोकादायक पातळीवर उतरू शकते : घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं, मग बेशुद्धी. अशा वेळी शुद्धीत असाल तर उपास तिथेच सोडून साखर किंवा गूळ खायचा. नुसत्या मेटफॉर्मिनने असं क्वचित होतं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांना लांब उपासात साखर फारशी न वाढताही रक्तात कीटोन साचून आम्लता वाढू शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढत्या वयाची मुलं, कृश वृद्ध आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी सोळा-आठच्या वाटेला जाऊ नये. बाकीच्यांनी सुरू करण्याआधी गोळ्यांची सगळी पाकिटं घेऊन या. कोणती कमी करायची आणि कोणती त्या दिवशी घ्यायचीच नाही, हे पाकिटं समोर ठेवूनच ठरवता येतं.