जांभळा थेंब आणि कलम २१

मंडळी, आपल्या नाशिकची नासर्डी, म्हणजे मूळची नंदिनी, सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या बाजूने वाहत टाकळीला गोदावरीला मिळते. याच संगमात उभं राहून समर्थ रामदासांनी जप केला असं मानतात. आज कुणी उभं राहील? असो.

पाण्यात प्लेटिंगचं क्रोमियम आहे का, हे पाहायला दरवेळी मोठी लॅब लागत नाही. पाणी थोडं आम्लधर्मी करायचं, डायफेनिलकार्बाझाइडचे थेंब टाकायचे. विषारी, सहा-संयुजी क्रोमियम पुरेसं असेल तर जांभळट-गुलाबी रंग येतो. थेंबभर द्रावणात अशी परीक्षा करायचं तंत्र व्हिएन्नाच्या फ्रिट्झ फाइगलने १९२०च्या दशकात नावारूपाला आणलं. नाझींमुळे त्याला पुढे ब्राझील गाठावं लागलं. आजची खिशात मावणारी किट्स त्याच वंशावळीतली. (स्वस्तातला टीडीएस मीटर इथे कामाचा नाही. तो सगळे क्षार एकत्रच मोजतो!)

मग घोडं अडतं कुठे? महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा १९६९ मध्येच केला, केंद्राच्या पाच वर्षं आधी. १९७० मध्ये मंडळही आलं. पण १९७४च्या केंद्रीय कायद्याचं कलम २१ म्हणतं, सांडपाण्याचा नमुना मंडळानेच घ्यायचा, कारखानदाराला तिथेच नोटीस द्यायची, दोन भाग करून सील करायचे. तरच तो रिपोर्ट कोर्टात चालतो. कुणावर खोटा आळ येऊ नये म्हणून हे बरोबरच आहे. पण रात्री सोडलेलं पाणी सकाळपर्यंत थांबतं थोडंच? तेव्हा किटचा रंग, वेळ आणि जागा टिपून ठेवली, तर साहेबांनी बाटली नेमकी कुठे बुडवायची एवढं तरी सांगता येतं.