एका वर्षाचे मासिक

महाविद्यालयीन मासिक यशस्वी झाले, असे केव्हा म्हणावयाचे? सामान्यतः आपण त्याचे आयुष्य मोजतो, वर्गणीदारांची संख्या विचारतो आणि हिशेबाच्या वहीत शिल्लक किती राहिली हे पाहतो. व्यापारी पत्राला ही कसोटी योग्य असेल. विद्यार्थ्यांच्या पत्राला मात्र ती लावली असता निर्णय बहुधा चुकतो. या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ इंग्लंडातील ‘ऑक्सफर्ड अँड केंब्रिज मॅगझीन’ या मासिकाचा वृत्तान्त वाचकांपुढे ठेवावयाचा आहे. ते १८५६ च्या जानेवारीत निघाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात बंद पडले. बारा अंक, एवढेच काय ते त्याचे आयुष्य!

विल्यम मॉरिस आणि एडवर्ड बर्न-जोन्स हे दोघे तरुण १८५३ साली ऑक्सफर्डच्या एक्झेटर कॉलेजात राहावयास आले. दोघांनाही धर्मोपदेशक व्हावयाचे होते. बर्न-जोन्स बर्मिंगहॅमचा, त्यामुळे त्या गावची विल्यम फुलफर्ड, रिचर्ड वॉटसन डिक्सन, चार्ल्स फॉकनर, कॉर्मेल प्राइस ही मंडळीही लवकरच मॉरिसची मित्र झाली. सायंकाळी एकत्र जमावे, टेनिसनच्या कविता व रस्किनचे कलाविषयक ग्रंथ मोठ्याने वाचावेत आणि त्यांवर वाद घालावेत, असा त्यांचा क्रम असे. १८५५ च्या उन्हाळ्यात मॉरिस, बर्न-जोन्स व फुलफर्ड उत्तर फ्रान्समधील प्राचीन देवालये पाहण्यास गेले. त्या प्रवासाच्या शेवटी, हाव्हर बंदराच्या धक्क्यावर, पहिल्या दोघांनी धर्मोपदेशकाचा मार्ग सोडण्याचे ठरविले: मॉरिसने वास्तुशिल्पी व्हावयाचे आणि बर्न-जोन्सने चित्रकार. मासिकाची कल्पना त्याच वर्षी आकारास आली. केंब्रिजला विल्फ्रेड हीली हा त्यांचा बर्मिंगहॅमकडील स्नेही होता. त्याच्या द्वारा दुसऱ्या विद्यापीठाचेही साहाय्य मिळाले.

कल्पनेला पैशाची जोड लागते. मॉरिस नुकताच सज्ञान झाला होता आणि वडिलांनी खाणीच्या भागभांडवलात गुंतविलेल्या रकमेतून त्याला सालीना सुमारे ९०० पौंड मिळू लागले होते. मासिकाचा भार त्याने आपल्या शिरावर घेतला. लंडनचे बेल अँड डॅल्डी हे प्रकाशक ठरले. अंकाची किंमत एक शिलिंग. लेखांखाली लेखकांची नावे नसत. पहिल्या अंकाचे संपादन मॉरिसनेच केले. पण त्याच महिन्यात तो जॉर्ज एडमंड स्ट्रीट या वास्तुशिल्पज्ञाच्या कचेरीत उमेदवारी करू लागला, आणि संपादनाचे काम त्याने फुलफर्डकडे सोपविले. त्याबद्दल वर्षाला १०० पौंड देण्याचे ठरले. म्हणजे केवळ संपादकाच्या वेतनापायी या तरुणाच्या उत्पन्नाचा नववा हिस्सा खर्ची पडत होता.

या अंकांत होते तरी काय? रस्किन व कार्लाइल यांचे अनुकरण पुष्कळ होते; अपरिपक्व लेखही होते. परंतु त्याच पानांत मॉरिसची प्रतिभा प्रथमच मोकळी झालेली दिसते. जानेवारीच्या अंकातील त्याच्या कथेत सहाशे वर्षांपूर्वीचा एक पाथरवट आपण बांधलेल्या देवालयाची हकीकत सांगतो. फेब्रुवारीच्या अंकात आम्यांच्या देवालयावर त्याचा निबंध आहे. कचेरीत दगडी बांधकामाचे नकाशे काढू लागलेला हा तरुण लेखणीनेही तोच दगड घडवीत होता. बर्न-जोन्सने पहिल्या अंकात थॅकरेच्या कादंबरीवर लिहिताना चित्रकार रोझेटी याच्या एका पुस्तकचित्राची मनापासून स्तुती केली. एका अनोळखी विद्यार्थ्याची ही दाद रोझेटीला फार आवडली. त्याच महिन्यात दोघांची लंडनला भेट झाली, आणि पुढे रोझेटीने आपल्या तीन कविता या मासिकास दिल्या. बर्न-जोन्सने तर पदवीची वाट न पाहता ऑक्सफर्ड सोडले व चित्रकलेला वाहून घेतले.

मासिक बंद का पडले, याचीही कारणे स्पष्ट आहेत. सारा पैसा एकाच्या खिशातून येत होता. दरमहा अंक काढणे म्हणजे सतत मागे लागणारे काम. ते एकट्या फुलफर्डच्या अंगावर पडले, आणि मजकुराची तूट त्यालाच स्वतः लिहून भरून काढावी लागे. ज्यांनी लिहावयाचे ते एकेक करून आपापल्या मार्गाला लागले. खरे सांगावयाचे तर, मासिकाने ज्यांना आपला मार्ग दाखविला त्यांनीच ते मागे टाकले. या व्यवहारात फुलफर्डच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न मनाला लागतो. त्याचे नाव आज आढळते ते बहुधा इतरांच्या चरित्रांत. मासिकाचे श्रेय वाटताना लेखकांची आठवण होते. वेळेवर अंक काढणाऱ्याची होत नाही. हा अन्याय केवळ ऑक्सफर्डपुरता नाही.

आता जमेची बाजू पाहावी. १८५८ मध्ये मॉरिसचा पहिला काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला. त्यातील काही कविता या मासिकात आलेल्या होत्या. १८६१ मध्ये त्याने गृहसजावटीच्या कलावस्तू करणारी मंडळी स्थापिली. तिच्या भागीदारांत बर्न-जोन्स, फॉकनर आणि रोझेटी होते. १८९१ मध्ये त्याने केल्म्स्कॉट मुद्रणालय काढून ग्रंथमुद्रणाला कलेचे स्थान मिळवून दिले.

आणखी एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. कॉर्मेल प्राइस पुढे डेव्हनमधील एका शाळेचा मुख्याध्यापक झाला. बर्न-जोन्सच्या पत्नीचा भाचा रुडयार्ड किपलिंग त्या शाळेत शिकत होता. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत अध्यापक म्हणून आलेल्या लॉकवुड किपलिंगचा तो मुलगा. त्याचा जन्म मुंबईतच १८६५ साली झाला. प्राइसने शाळेचे बंद पडलेले पत्र पुन्हा सुरू केले, या मुलाला त्याचे संपादक नेमले आणि आपले ग्रंथालय त्याला खुले करून दिले. १८८२ मध्ये सोळा वर्षांचा किपलिंग लाहोरच्या एका वृत्तपत्रात नोकरीवर रुजू झाला, तेव्हा संपादकाच्या टेबलाची त्याला ओळख झालेली होती. ऑक्सफर्डला बंद पडलेल्या मासिकाने एका शिक्षकाला, मुलांच्या हाती छापखाना द्यावा, एवढे तरी शिकविले होते, असे मानण्यास हरकत नसावी.

घरातील मुलगा किंवा मुलगी अभ्यासाची वेळ मुद्रिते तपासण्यात घालवीत आहे, असे दिसले की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. ती काळजी अगदीच अस्थानी नाही. बर्न-जोन्सची पदवी राहिलीच. पण मासिक किती दिवस चालेल, हा प्रश्न मात्र त्यांनी विचारू नये. त्या कामात आपल्या मुलाला स्वतःची ओळख पटते आहे काय, आणि त्याच्यासाठी दुसराच कोणी फुलफर्ड राबत तर नाही ना, हे दोन प्रश्न पुरेसे आहेत.