रे रोड रेल्वे स्थानक

बृहन्मुंबईच्या पूर्व किनाऱ्यालगत, मध्य रेल्वेच्या हार्बर मार्गावरील एक लहान उपनगरी स्थानक. ते डॉकयार्ड रोड व कॉटन ग्रीन या स्थानकांच्या दरम्यान असून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे 5 किमी. अंतरावर आहे. 1885 ते 1890 या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांच्या स्मरणार्थ हे नाव पडले.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने 1910 मध्ये कुर्ल्याहून बंदराच्या रोखाने जो नवा फाटा काढला, त्याचे हे दक्षिणेकडील अखेरचे ठाणे होते. पुढे डॉकयार्ड रोड ते सँडहर्स्ट रोड या टापूत वस्तीच्या डोक्यावरून उन्नत मार्ग बांधून हा फाटा बोरीबंदरास (आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसास) जोडण्यात आला, आणि 3 फेब्रुवारी 1925 रोजी देशातील पहिली विजेची आगगाडी याच मार्गाने कुर्ल्यास गेली. तिच्यासाठी योजिलेला 1,500 व्होल्टचा एकदिश प्रवाह हार्बर मार्गावर 2016 पर्यंत चालू राहिला. तदनंतर 25,000 व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाने त्याची जागा घेतली. स्थानकाच्या दगडी दर्शनी इमल्याचा समावेश शहराच्या वारसा-वास्तूंच्या यादीत आहे.

येथे रुळांची एकच जोडी असल्यामुळे जलद व धिमी हा मुख्य मार्गावरील भेद उरत नाही. येणारी प्रत्येक लोकल थांबते. मात्र वडाळा रोडपुढे मार्ग दुभंगत असल्याने गाडीचे गंतव्य पाहूनच चढावे लागते : एक शाखा कुर्ला, चेंबूर व ठाणे खाडीवरील पुलावरून वाशी, पनवेलकडे, तर दुसरी माहीम, वांद्र्यावरून गोरेगावकडे जाते. चेंबूरचा उतारू गोरेगाव गाडीत शिरला, तर वडाळ्यास उतरून गाडी बदलण्यावाचून त्याला गत्यंतर नसते.

पूर्वेस बंदराच्या मालकीच्या जमिनीवर वखारी व दारूखाना नावाचा भाग आहे. भरतीच्या पाण्यावर किनाऱ्यास लावलेली जुनी जहाजे तेथे गॅसकटरने तोडली जातात, आणि त्यांचे पत्रे, साखळदंड व नांगर भंगाराच्या दुकानांतून वजनावर विकले जातात. पश्चिमेस घोडपदेवची चाळवजा वस्ती आहे. मूळ रे रोडला आता बॅरिस्टर नाथ पै मार्ग म्हणतात.