ज्योनं जाळलेल्या गोष्टी

मागच्या दिवाळीत ताईचा फोन आला. "तुझ्या भाचीसाठी चार चांगली पुस्तकं सुचव. पण चांगली म्हणजे खरंच चांगली. तसलं काही नको."

'तसलं' म्हणजे काय हे विचारायची गरज नव्हती. भाची तेरा वर्षांची, आठवीत. तिच्या फोनमध्ये गोष्टींचं एक अ‍ॅप सापडलं होतं. कॉलेजातला रागीट श्रीमंत मुलगा, साधीसुधी मुलगी, आणि प्रत्येक भाग संपताना दारात कोणीतरी उभं. ताईनं त्यातले दोन भाग वाचले, अ‍ॅप काढून टाकलं आणि मला फोन लावला.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. कोणी यादी मागितली की आधी शीट उघडायची, ही सवय. वय, भाषा, पानं, विषय असे रकाने केले आणि शेवटी कर्तबगार बायकांची तीन चरित्रं मागवली. महिन्याभरानं नाशिकला गेले तेव्हा तिन्ही पुस्तकं तिच्या टेबलावर नीट रचून ठेवलेली होती. प्लास्टिकचं वेष्टनसुद्धा काढलेलं नव्हतं.

मग आईच्या कपाटातून 'चौघीजणी' काढलं. लुइझा मे अल्कॉटच्या 'लिटल वुमेन'चा शांता शेळक्यांनी केलेला अनुवाद. आईनं वाचलेलं, ताईनं वाचलेलं, मी दहावीच्या सुट्टीत वाचलेलं. त्यावर ताईची काहीच हरकत नव्हती. मुलींच्या हाती निर्धास्तपणे द्यावं असं पुस्तक म्हणून ते आमच्या घरात कधीच पास झालं होतं.

परतीच्या बसमध्ये सहज फोनवर शोधत बसले, हे पुस्तक लिहिलं तरी कसं गेलं? आणि पुण्याला पोचेपर्यंत माझा 'निर्धास्त' हा शब्द बराच डळमळला.

गोष्ट अमेरिकेतली. १८६७ साली बॉस्टनच्या रॉबर्ट्स ब्रदर्स या प्रकाशनसंस्थेच्या थॉमस नाइल्सनं लुइझाला विचारलं, मुलींसाठी एखादं पुस्तक लिहाल का? ती तेव्हा चौतिशीत होती. लग्न केलेलं नव्हतं आणि घर तिच्या कमाईवर चालत होतं. वडील ब्रॉन्सन अल्कॉट विचारवंत होते, शिक्षणावर मोठमोठे प्रयोग करणारे. पण त्यांच्या प्रयोगांतून घरात पैसा येत नव्हता. १८४३ मध्ये त्यांनी फ्रूटलँड्स नावाची आदर्श वसाहत काढली होती. तिथं मांस नाही, दूध नाही, जनावरांना कामाला जुंपायचं नाही. ती वसाहत वर्षभरही टिकली नाही. लुइझानं शिवणकाम केलं, शिकवण्या केल्या, दुसऱ्यांच्या घरी कामही केलं. यादवी युद्धात ती जखमी सैनिकांची शुश्रूषा करायला गेली. तिथं विषमज्वर झाला, त्यावर पारा असलेलं औषध दिलं गेलं आणि तब्येत कायमची खालावली.

नाइल्सची कल्पना तिला मुळीच आवडली नव्हती. आपल्याला मुली फारशा आवडत नाहीत आणि आपल्या बहिणी सोडल्या तर फारशा मुली माहीतही नाहीत, अशा अर्थाचं तिनं डायरीत लिहून ठेवलंय. तरी पैशासाठी १८६८ च्या मे महिन्यात तिनं लिहायला घेतलं. माहीत असलेल्या मुली म्हणजे घरच्याच, म्हणून चार बहिणींची गोष्ट. सुरुवातीची बारा प्रकरणं तिनं नाइल्सला पाठवली. त्याला ती कंटाळवाणी वाटली. तिचंही मत तेच होतं.

पुढे काय झालं ते वाचताना मी बसमध्ये एकटीच हसले. नाइल्सनं हस्तलिखित आपल्या भाचीला वाचायला दिलं आणि तिला ते बेहद्द आवडलं. आणखी काही मुलींनी वाचलं, त्यांचंही तेच. पुस्तक ज्यांच्यासाठी आहे त्याच त्याच्या खऱ्या परीक्षक, असं लुइझानंही मान्य करून टाकलं. शरद ऋतूत पहिला भाग बाहेर आला आणि पहिल्या आवृत्तीच्या २००० प्रती बघता बघता संपल्या. लेखिकेला आणि प्रकाशकाला, दोन जाणत्या माणसांना, मुलींना काय आवडेल याचा अंदाज बांधता आला नव्हता. माझ्या शीटमध्ये 'भाचीचं मत' असा रकानाच नव्हता.

पण मला खरा धक्का दिला तो दुसऱ्याच गोष्टीनं. हे पुस्तक लिहायच्या आधीची काही वर्षं लुइझा 'तसलं' लिहीत होती.

१८६२ साली एका सचित्र साप्ताहिकाच्या कथास्पर्धेत तिला १०० डॉलरचं बक्षीस मिळालं. सूडाची कथा होती, छापली गेली ती निनावी. त्यानंतर ए. एम. बार्नार्ड या टोपणनावानं तिनं खून, फसवणूक, अफू, वेशांतर असल्या मालमसाल्याच्या कथा लिहिल्या. १८६६ च्या 'बिहाइंड अ मास्क'मध्ये एका श्रीमंत घरात शिकवायला आलेली गरीब, नम्र तरुणी आहे. रात्री खोलीचं दार लावल्यावर ती खोटे केस आणि खोटे दात काढून ठेवते. ती तिशीची नटी आहे आणि घरातल्या पुरुषांना एकेक करून जाळ्यात ओढतेय. शेवटी तिला शिक्षा होते का? नाही. घरातल्या वयस्क सरदाराशी लग्न लावून ती थेट मालकीणच होते. आजच्या अ‍ॅपवर या कथेचे भाग धडाधड वाचले गेले असते.

हे लिखाण तिनं आयुष्यभर लपवलं. १८८८ मध्ये ती गेली, त्यानंतरही अर्ध्या शतकाहून जास्त काळ बार्नार्ड कोण हे वाचकांना माहीत नव्हतं. मॅडलिन स्टर्न आणि लिओना रोस्टेनबर्ग या दोन मैत्रिणी लुइझाच्या मागावर होत्या. हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रकाशकानं तिला लिहिलेली पत्रं सापडली, त्यांत हे टोपणनाव होतं. रोस्टेनबर्गनं १९४३ मध्ये लेख लिहून ते जाहीर केलं. कथांचा संग्रह निघाला १९७५ मध्ये.

आता 'लिटल वुमेन'मधली ज्यो आठवा. तीही पैशासाठी एका साप्ताहिकात सनसनाटी कथा लिहिते. प्राध्यापक भेअर अशा लिखाणाबद्दल नापसंती दाखवतात, ज्यो ओशाळते आणि आपल्या सगळ्या कथा शेगडीत घालते. लहानपणी वाचताना मला हे योग्यच वाटलं होतं. ज्योला जे जाळायला लावलं, ते लुइझा स्वतः लिहीत आली होती, हे आता कळलं. मुलींसाठी योग्य असं पुस्तक लिहायचं तर बार्नार्डला त्यातून बाहेर काढणं भागच होतं. पुढे लुइझा डायरीत वैतागून लिहिते की मुलांना नीतीचा मऊ भात भरवून आपण कंटाळलोय. १८७७ मध्ये तिनं पुन्हा एक काळीकुट्ट कादंबरी लिहिली. तीही निनावीच छापली.

ज्योचं लग्नही असंच. पहिला भाग वाचून मुलींची पत्रं येऊ लागली, की ज्यो लॉरीशी लग्न करणार ना? लुइझाच्या मनात ज्योनं लिहीत राहावं, बिनलग्नाची राहावी, असं होतं. पण लग्नाशिवाय शेवट कोणी स्वीकारणार नव्हतं. मग तिनं हट्टानं लॉरीला बाजूला सारलं आणि वयानं मोठे, विस्कटलेल्या केसांचे भेअर आणले. म्हणजे मुलींच्या आवडीपुढेही तिनं पूर्ण मान तुकवली नाही.

हे सगळं अमेरिकेत झालं म्हणून परकं वाटायचं कारण नाही. आपल्याकडे १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला, लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चालतं, ते त्यात होतं. केवढा गदारोळ झाला! आणि ही विभावरी कोण, याचा शोध सुरू झाला. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. एकीनं पोटासाठी टोपणनाव घेतलं, दुसरीनं खरं बोलता यावं म्हणून. पण मुलींनी काय वाचावं आणि बाईनं काय लिहावं हे ठरवणारी माणसं दोघींच्याही आजूबाजूला होती. त्या माणसांत बहुतेक वेळा प्रेमाची, घरचीच माणसं असतात. माझ्या ताईसारखी. शीट करणाऱ्या माझ्यासारखी.

जानेवारीत भाचीचा मेसेज आला. 'मावशी, एमीनं ज्योची वही जाळली तो भाग वाचला. एमी बर्फातून पाण्यात पडली नसती, तर ज्योनं तिला माफ केलं असतं का?'

मी लिहिलं, माहीत नाही. तुला काय वाटतं?

बराच वेळ नुसतं 'टायपिंग' दिसत राहिलं. मग आलं, 'नसतं केलं. माझ्या अ‍ॅपमध्ये माझीपण गोष्ट होती. अकरा भाग.'

ती नुसती वाचत नव्हती, लिहीत होती. हे आम्हा दोघींपैकी कोणी विचारलंच नव्हतं. मी लगेच माझ्या कामाच्या भाषेत शिरले. लॉगिन कुठलं होतं? भाग प्रकाशित केले होतेस का? नव्हते. कोणी हसेल म्हणून सगळे मसुद्यातच ठेवले होते, आणि ते फक्त फोनमध्येच साठवलेले. अ‍ॅप काढलं की त्यानं फोनमध्ये साठवलेलंही पुसलं जातं. सर्व्हरवर काही गेलंच नव्हतं, तर परत आणणार कुठून? रोज दुसऱ्यांचा डेटा सांभाळण्याचा पगार घेणारी मी, मला तिला 'गेलं' एवढंच सांगता आलं.

रात्री ताईला फोन केला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला वाटलं नुसतं वाचतेय." थोड्या वेळानं, "कशाची गोष्ट होती गं?"

"तिलाच विचार," मी म्हटलं.

तिनं विचारलं. दोघींत काय बोलणं झालं ते मला कोणी सांगितलं नाही. पण पुढच्या वेळी नाशिकला गेले तेव्हा भाचीनं जेवताना विचारलं, "त्या बाईंनी चोरून लिहिलेल्या गोष्टी कुठे मिळतात?" मी ताईकडे पाहिलं. ताई पोळी वाढत म्हणाली, "आण. आधी मी वाचणार." मग जरा थांबून, "नाहीतर दोघी एकदमच वाचू."

ती अकरा भागांची गोष्ट परत आली नाही. भाचीनं ती पुन्हा लिहिलेलीही नाही, म्हणते की ती आता तशी आठवत नाही. तिनं दुसरी सुरू केलीय. मी तिच्या फोनवर बॅकअप लावून दिलाय. पासवर्ड फक्त तिला माहीत आहे.