झाडांना वाट देणारे कलासंग्रहालय

कलासंग्रहालय म्हटले की उंच स्तंभ, पायऱ्यांची रांग आणि आत शिरताच आवाज खाली यावा असा दरारा, हेच चित्र आमच्या डोळ्यांपुढे येते. सरकारी इमारतींच्या पोर्चखालून रोज ये-जा करणाऱ्या आम्हांस ते अधिकच स्वाभाविक वाटते. डेन्मार्कमधील हुम्लेबेक येथे १९५८ साली उघडलेल्या ‘लुइझियाना’ संग्रहालयाने मात्र हा दरारा मुळातच नाकारला.

नावाचा अमेरिकेतील राज्याशी संबंध नाही. कोपनहेगनच्या उत्तरेस सुमारे ३५ किलोमीटरवर, ओरेसुंडच्या किनाऱ्यालगत, अलेक्झांडर ब्रून या गृहस्थाने १८५५ साली हे घर बांधले. त्याची तीन लग्ने झाली आणि तिन्ही पत्नींचे नाव लुईज! घराच्या नावासाठी त्याला फार विचार करावा लागला नसावा.

पुढे हे घर घेणारा क्नूद येन्सन हा चीजच्या व्यापाऱ्याचा मुलगा. यर्गन बो आणि विल्हेल्म वोलर्ट या वास्तुशिल्पज्ञांना त्याने मोजक्याच अटी घातल्या. जुने घर प्रवेशद्वार म्हणून राखावे. एका दालनातून आतल्या बाजूचे तळे दिसावे. आणि शेवटी, कड्यावर, समुद्राकडे व पलीकडील स्वीडनकडे पाहत चहा घेता यावा. दोघांनी रेखाटन करण्यापूर्वी कित्येक महिने त्या बागेत पायपीट केली. ही पायपीटच, आमच्या मते, खरा आराखडा होय. म्हणूनच काचेची बोळे सरळ धावत नाहीत. मोठ्या झाडांना वाट देत ती वळतात. चुना दिलेल्या विटांच्या भिंती, तांबड्या फरशा, लाकडी छत, याखेरीज डोळ्यांत भरावे असे काही नाही. वोलर्ट कॅलिफोर्नियात अध्यापन करून आला होता, आणि खोली व अंगण यांचा जपानी घरांतील सलोखाही या जोडीच्या मनात होता.

या साधेपणाची किंमतही आहे. काचेपलीकडे बीचची पाने हलत असता भिंतीवरचे चित्र मागे पडते, हे मान्य केलेच पाहिजे. जियाकोमेतीच्या कृश मूर्ती मात्र तळ्याकडे उघडणाऱ्या दालनात अशा शोभतात की त्या तेथेच उगवल्या असाव्यात.

खरी कसोटी पुढे लागली. येन्सनला आरंभी केवळ डॅनिश कलेचे घर हवे होते. १९५९ साली कासेल येथील ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शन पाहिल्यावर तो साऱ्या जगाच्या कलेकडे वळला. संग्रह वाढला, चित्रांचे आकार वाढले, जागा पुरेना. १९६६, १९७१, १९७६ अशी भर पडत गेली. अशा वेळी धनिकास मनोरा उभारण्याचा मोह होतो. येथे १९८२चा दक्षिण भाग उतारात रोवला गेला, आणि १९९१ साली दोन्ही बाजू जोडणारे दालन चक्क जमिनीखाली गेले. त्याच्या माथ्यावर हिरवळ तशीच आहे. खाली चित्रे टांगलेली असतात आणि वर मुले समुद्राच्या दिशेने धावत सुटतात.