‘तुम्ही आपल्यातले म्हणून सांगतो’

शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगावला आणि तिथून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यावर मी नोकरीची एकतीस वर्षे काढली. वाड्यापाड्यांवरच्या तोंडी आठवणी जमवायचा नाद त्याच काळात लागला. वह्या भरत गेल्या. निवृत्तीनंतर त्या चाळायला घेतल्या तेव्हा एक वाक्य वारंवार समोर येऊ लागले. सांगणारा कधी खातेदार शेतकरी, कधी किराणा दुकानदार, कधी कचेरीतला कारकून. वाक्य तेच : ‘गुरुजी, तुम्ही आपल्यातले म्हणून सांगतो.’ आणि त्यापुढे जे सांगितले जाई ते बहुतेक वेळा कातकऱ्यांबद्दल असे. चोर असतात, दारूशिवाय हलत नाहीत, उद्याचा विचार नाही, पैसे हातात पडले की काम बंद.

माझे आडनाव ऐकून लोक मला ‘आपल्यातले’ ठरवीत. मी काय मानतो हे कुणी विचारले नाही. खरे म्हणजे या वाक्याला उत्तर अपेक्षितच नसते. मान हलली की पुरे. अशा हललेल्या माना इतिहासात कुठे कुठे कागदावर उतरल्या आणि त्यांचे पुढे काय झाले, हे शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी नावाकडे पाहू. कातकरी किंवा काथोडी हे नाव कातावरून आले. खैराच्या गाभ्याचे तुकडे करून ते मडक्यांत उकळायचे, रस आटवायचा, वाळवून वड्या पाडायच्या. हा कसबाचा धंदा होता, आणि त्याला आगीचा अंदाज लागतो. ज्यांच्या हातचे पाणी गावाला चालत नसे, त्यांच्या हातचा कात गावाच्या विड्यात रंग भरत होता! हा विरोधाभास कुणाला खटकल्याची नोंद मला कुठे सापडली नाही. पुढे १८७८चा जंगल कायदा आला. जंगले राखीव झाली, खैरावर कुऱ्हाड चालवणे गुन्हा ठरला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत या व्यवस्थेविरुद्ध इतकी ओरड झाली, की सरकारला १८८५मध्ये जंगल आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७चा. पण कात पाडणाऱ्यांची भट्टी काही परत पेटली नाही. लाकूडफाटा, कोळसा पाडणे, भाताच्या हंगामात मजुरी आणि उरलेले महिने कंदमुळे, मासे, उंदीर, अशी त्यांची गुजराण होऊ लागली.

याच सुमाराला, १८८२मध्ये, मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा ठाणे जिल्ह्यावरचा तेरावा खंड छापून झाला. आमच्यासारख्या हौशी अभ्यासकाचे पान त्याच्याशिवाय हलत नाही आणि त्याच्या मेहनतीबद्दल मला आदरच आहे. सोन आणि ढोर हे कातकऱ्यांचे भेद, त्यांचे खाणेपिणे, चालीरीती, सगळे त्यात आहे. त्याच ओघात त्यांच्या दारूची आणि शेतखळ्यांवरच्या चोरीची ख्यातीही आली आहे. ख्याती म्हणजे दुसऱ्याने सांगितलेली गोष्ट. साहेब किंवा त्याचा कारकून गावी उतरे तो पाटलाकडे किंवा सावकाराकडे. माहिती मिळे ती तिथल्या ओसरीवर. ‘साहेब, आपण जाणताच’ अशी तिची सुरुवात होत असणार, असा माझा कयास आहे. ओसरीवर ज्याला पाय ठेवायची मुभा नव्हती, त्याला कुणी विचारले असेल असे वाटत नाही. पुढच्या अधिकाऱ्याने आधीचा खंड उघडला आणि ओसरीवरचे बोलणे सरकारी सत्य झाले.

मग सगळ्यांनीच माना हलवल्या का? नाही. १९३६च्या आदेशाने मुंबई इलाख्यातले काही भाग ‘अंशतः वगळलेले क्षेत्र’ म्हणून जाहीर झाले. ठाणे जिल्ह्यातून त्यात डहाणू आणि शहापूर हे तालुके आणि मोखाडा व उंबरगाव हे पेटे होते. मुरबाड नव्हते. काळू नदीच्या अलीकडचा ठाकूर एका यादीत आणि पलीकडचा त्याचा सोयरा यादीबाहेर, असा प्रकार. (आजही शहापूर तालुका पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहे आणि मुरबाडची काही गावेच आहेत.) या वगळलेल्या क्षेत्रांतल्या आदिवासींची पाहणी करण्याचे काम बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात डेव्हिड सिमिंग्टन या आय.सी.एस. अधिकाऱ्याकडे आले. त्याचा अहवाल १९३८-३९चा.

सिमिंग्टन सत्तेच्या बाजूचा माणूस. त्याच्याशी जमीनदार आणि ठेकेदार मोकळेपणाने बोलले असतील, कारण तोही त्यांच्या दृष्टीने ‘आपल्यातला’च. पण अहवालात त्याने सांगणाऱ्याचे म्हणणे तसेच उतरवले नाही. कूळ जमीनदाराच्या शेतावर वेठीला जाते ते कशामुळे, दिवसाला आण्याच्या आसपास मजुरी मिळते ती का, नकार दिला तर काय होते, हे त्याने पाहिले आणि मारहाणीसकट लिहिले. आळशीपणाची तक्रार जिथून येत होती, तिथेच कर्जाचा आणि वेठीचा हिशेब निघाला. लग्नासाठी घेतलेल्या थोड्या रुपयांपायी वर्षानुवर्षे राबणारा ‘लग्नगडी’ उद्याचा विचार कसा करणार? त्याचा उद्या सावकाराच्या वहीत होता.

अहवालाने फार काही लगेच बदलले, असे मी म्हणणार नाही. बदलाला १९४५ उजाडावे लागले. त्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली, आणि नंतर तलासरी-उंबरगावकडे गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने वारल्यांनी वेठ नाकारली. गोदावरीबाई मूळच्या गोखले, कायद्याच्या पदवीधर, भारत सेवक समाजाच्या पहिल्या महिला आजीव सदस्य. ओसरीवर बसवून दूध-साखर द्यावी अशाच घरच्या. त्या मुक्कामाला राहिल्या मात्र झोपडीत. त्यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मी शिक्षक झाल्यावर वाचले. आधी वाचले असते तर बरे झाले असते, असे आता वाटते. वेठबिगारी कायद्याने बंद झाली ती १९७६मध्ये. वीटभट्टीवरची आगाऊ उचल अजून चालू आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

आता माझ्याविषयी. सुरुवातीला मी या बोलण्यावर भांडत असे. मुरबाडकडच्या एका लग्नात पंगतीत शेजारचा गृहस्थ सुरू झाला, तसे मी त्याला १८७८पासूनचा इतिहास ऐकवला. तो गप्प झाला. पुढच्या वेळी मी दिसताच विषय बदलला जाऊ लागला. माझ्यासमोरचे बोलणे थांबले, एवढेच. त्या दिवशी मला आणखी एक गोष्ट उशिरा दिसली. पंगतीमागे पाण्याचे हंडे वाहणाऱ्या दोन कातकरी बाया हे सगळे ऐकत होत्या. त्याचे बोलणे आणि माझे भाषण, दोन्ही. दोघांनीही त्यांच्याकडे पाहिले नव्हते.

नंतर मी नुसते विचारू लागलो. चोर म्हणता, तर कोणती चोरी? कुठल्या साली? फिर्याद झाली होती का? किन्हवलीच्या बाजूच्या एका वृद्ध खातेदाराला असे विचारले, तर ते बराच वेळ आठवत राहिले. ‘आमच्या घरात नाही झाली कधी.’ मग भाताच्या खळ्यावर रात्री कोण असायचे? ‘कोण म्हणजे? काथोडीच. दुसरा कोण झोपणार थंडीत?’ म्हणजे ज्या धान्यावर चोरीचा संशय, त्याच धान्याची राखण संशयितांकडे. ते स्वतःच हसले. मत बदलले की नाही ते माहीत नाही. पण त्यांनी मग राखण करणाऱ्या त्या माणसाच्या तीन पिढ्या सांगितल्या, नावांनिशी. ती वही माझ्याकडची सर्वांत मोलाची आहे.

सिद्धगडावर दर २ जानेवारीला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांच्या हौतात्म्याचा दिवस पाळला जातो. १९४३मध्ये आझाद दस्त्याचे हे दोघे तिथे पोलिसांच्या गोळीबारात पडले. एका वर्षी चढताना सोबतचा माणूस वाटेवरच्या ठाकरवाडीकडे बोट दाखवून ‘यांना कसली देशभक्ती’ म्हणाला. मी विचारले, इतके दिवस दस्ता या जंगलात राहिला तो वाटा कुणाला विचारून? आणि स्वतः कोतवालांची जात ठाऊक आहे का? ते नाभिक समाजातले, हे त्याला माहीत नव्हते. तो पुढे बराच वेळ बोलला नाही, मीही नाही. चढण अवघड आहे तिथे.

हे सांगून झाल्यावर एक राहते, आणि ते टाळले तर बाकीचे लिहिण्याचा मला हक्क नाही.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. शाळेचे नाव लिहीत नाही. सायंकाळी कपाटातली पोषाखाच्या वर्गणीची थैली सापडेना. शिपायापासून गावकऱ्यांपर्यंत सर्वांचे एकमत झाले : पाचवीतला वाडीवरचा मुलगा. चार जण माझ्याकडे वळून म्हणाले, ‘गुरुजी, तुम्हाला वेगळं काय सांगायचं.’ मी नवा होतो. मी मान हलवली. मुलाला कुणी मारले नाही, पोलीसही आले नाहीत. त्याला फक्त सगळ्यांसमोर दप्तर उलटे करायला लावले. त्यात एक पाटी, दोन बोरे आणि गलोल निघाली. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. थैली तेराव्या दिवशी सापडली, हजेरीपटांच्या गठ्ठ्यामागे. मीच ठेवली होती.

मी वाडीवर गेलो तेव्हा ते कुटुंब भट्टीवर निघून गेले होते.

गेल्या वर्षी या लेखासाठी त्या शाळेचे जुने दाखल-खारीज रजिस्टर पाहायला मागितले. त्याचे नाव सापडले. शाळा सोडल्याचे कारण या रकान्यात ‘सततची गैरहजेरी’ असे लिहिले आहे. अक्षर माझे आहे. त्याच पानावर आणखी दोन कातकरी मुलांपुढे तेच शब्द, त्याच शाईत. त्यांचे खरे कारण मला आठवतही नाही. उद्या कुणी आदिवासी शिक्षणावर काम करणारा हे पान उघडेल आणि माझ्या नोंदीवरून ‘या मुलांना शाळेची गोडी नव्हती’ असा निष्कर्ष काढील.

रजिस्टरात खाडाखोड करता येत नाही. मी एका कोऱ्या कागदावर त्या दिवशीची हकिकत तारखेसह लिहून, खाली सही करून मुख्याध्यापकांना दिली आणि त्या पानाला जोडायची विनंती केली. त्यांनी वाचली, थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग टाचणी शोधायला ड्रॉवर उघडला.