गंधकाची साक्ष

अणुस्फोटाच्या किंवा क्षणिक स्पंद देणाऱ्या अणुभट्टीच्या जवळ न्यूट्रॉन मोजायचे, तर इलेक्ट्रॉनिक उपकरणे अनेकदा हात टेकतात. कणांचा लोंढा इतका दाट असतो की गणक गोंधळतो आणि तारांमध्ये भलतेच संकेत उमटतात. अशा जागी सोन्याचा पातळ पत्रा किंवा गंधकाची वडी ठेवतात. ना तार, ना बॅटरी. मारा थांबला की ती उचलायची आणि तिच्यात निर्माण झालेला किरणोत्सर्ग प्रयोगशाळेत मोजायचा.

ही पद्धत १९३४ मध्ये रोममध्ये जन्मली. एन्रिको फर्मी आणि त्यांचे सहकारी एकेका मूलद्रव्यावर न्यूट्रॉन सोडून ते किरणोत्सर्गी होते का, हे तपासत होते. स्रोताच्या किरणांनी गणक फसू नये म्हणून तो लांब, व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेला. काही नमुन्यांचा किरणोत्सर्ग पाहता पाहता ओसरे. म्हणून फर्मी आणि त्यांचे सहकारी अमाल्दी नमुना घेऊन अक्षरशः धावत सुटत. ऑक्टोबरमध्ये मेणाच्या सान्निध्यात चांदी कितीतरी अधिक किरणोत्सर्गी झाली आणि मेणात मंदावलेल्या न्यूट्रॉनची करामत कळली.

पुढे त्यातूनच वाटणी ठरली. सोने मंद न्यूट्रॉन टिपते. गंधकाला मात्र सुमारे ३० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वरचेच न्यूट्रॉन जाणवतात. त्यांच्या माऱ्याने त्याचा किरणोत्सर्गी फॉस्फरस बनतो.

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमात न्यूट्रॉन मोजायला कोणी गंधक मांडून ठेवला नव्हता. पण विजेच्या खांबांवरच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरांत जोडकामाला तो वापरलेला होता. जपानी शास्त्रज्ञांनी काही दिवसांतच त्याचे नमुने गोळा केले. त्यात तयार झालेल्या किरणोत्सर्गी फॉस्फरसचे अर्धायुष्य जेमतेम १४ दिवसांचे. वर्षभर उशीर झाला असता तर मोजण्याजोगे काहीच उरले नसते. उद्ध्वस्त शहरातून गोळा केलेल्या नमुन्यांचे हे मोजमाप किरणोत्सर्गाच्या इतिहासातले सर्वांत मोलाचे काम मानायला हवे. वाचलेल्यांना किरणोत्सर्गाची किती मात्रा मिळाली, याच्या हिशेबात ते आधाराला आले.

स्फोटातल्या गॅमा किरणांची नोंद घरांच्या कौलांनी ठेवली होती. त्यांतल्या क्वार्ट्झमध्ये साठलेली ऊर्जा तापवल्यावर मंद प्रकाश होऊन बाहेर पडते. तो मोजला की मात्रा कळते. याच तत्त्वावर भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवलेला बिल्ला आज भारतातले किरणोत्सर्ग-कर्मचारी छातीवर लावतात. त्यात डिस्प्रोसियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात.

हिरोशिमातले तांबे तर आणखी चिवट निघाले. वेगवान न्यूट्रॉनमुळे त्यात निकेल-६३ तयार झाले होते, ज्याचे अर्धायुष्य सुमारे १०० वर्षे आहे. त्यामुळे २००३ मध्ये, स्फोटानंतर ५८ वर्षांनी, जुन्या तांब्याच्या तुकड्यांवरून केलेली मोजणी प्रसिद्ध होऊ शकली.